जुना संगणक आणि नवा एसएमपीएस

संगणक बंद पडला, की आपण ‘म्हातारा झाला बिचारा’ म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा म्हातारा झालेला असतो तो त्याचा एकच भाग. कॅबिनेटच्या मागे, जिथे विजेची जाड काळी वायर खुपसायची आणि जिथून पंखा गरम हवा बाहेर टाकतो, तो पत्र्याचा चौकोनी डबा. लॅमिंग्टन रोडपासून गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यापर्यंत सगळे त्याला एसएमपीएस म्हणतात. स्विच मोड पॉवर सप्लाय हे त्याचं पूर्ण नाव. मशीन विकत घेताना प्रोसेसर कोणता, मेमरी किती, हे जो तो विचारतो. या डब्याची चौकशी कोणी करत नाही. तो गेला म्हणजे मग दुकानात जायचं आणि ‘एक एसएमपीएस द्या’ म्हणायचं. दुकानदार विचारतो, किती वॉटचा? आपण म्हणतो, मोठ्यातला द्या. नव्या मशीनला हे एक वेळ खपून जातं. जुन्या मशीनला का खपत नाही, ते आज सांगायचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं मशीन जिवंत ठेवण्याचा हा अट्टहास कशासाठी? हौस म्हणून जुने संगणक जपणारी माणसं जगभर आहेत, जशी जुनी घड्याळं जपणारी असतात. पण आमच्या घोडपदेवसारख्या वस्तीत त्याचं कारण वेगळं आहे. ते आपल्या भाषेशी जोडलेलं आहे.

१९९० च्या दशकात मराठी संगणकावर आली ती पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट आणि आयएसएममधून, मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीमधून, आकृतीमधून. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकच संकेतपद्धत असावी म्हणून युनिकोड आलं, ते १९९१ साली. त्यात देवनागरी पहिल्यापासून होती. पण मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली ती विंडोज २००० मध्ये, आणि छोट्या छापखान्याच्या टेबलापर्यंत पोहोचायला तिला पुढे आणखी कित्येक वर्षं लागली. तोवर प्रत्येक कंपनीचा ‘क’ वेगळ्या घरात राहायचा. एका कंपनीच्या फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे उघडला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांचा नुसता रांधा दिसे. शिवाय सॉफ्टवेअरची चोरी होऊ नये म्हणून एक बोटभर लांबीचं कुलूप यायचं. त्याला डोंगल म्हणत. ते प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टमध्ये बसवलं तरच सॉफ्टवेअर चालायचं. आजच्या बहुतेक मशीनना तसं पोर्टच नसतं.

आमच्या भागात एक डीटीपीवाला आहे. त्याच्याकडे २००० सालचं पेंटियम थ्री मशीन आहे. विंडोज ९८, पेजमेकर, श्रीलिपी आणि मागे ते कुलूप. लग्नपत्रिका, निकाहाच्या पत्रिका, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, गिरणी कामगारांच्या सभांची पत्रकं, चाळींच्या भाडेकरूंच्या याद्या, सगळं त्याच्यावर लागलं. माझ्या पहिल्या कवितासंग्रहाची पानंही त्याच मशीनवर लागली आणि बटर पेपरवर निघून प्लेटला गेली. त्या चाळींपैकी काही आता उभ्या नाहीत. पण त्यांच्या याद्या मागायला माणसं अजून येतात. कोणाच्या आजोबांचं नाव कोणत्या खोलीपुढे होतं, हे पुनर्विकासाच्या दिवसांत साधं प्रकरण राहत नाही. हे सगळं एका हार्ड डिस्कवर. आणि एके दिवशी त्या मशीनचा एसएमपीएस गेला.

अशा वेळी पहिलं काम नवा डबा आणण्याचं नाही. आधी हार्ड डिस्क सोडवून बाजूला काढा. जुन्या डिस्क यूएसबीला जोडणारा जोड बाजारात मिळतो. त्यावरून सगळ्या फायलींची नक्कल दुसऱ्या मशीनवर करून घ्या. नक्कल झाली म्हणजे जीव भांड्यात पडतो, पण काम संपत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम आज आहेत आणि सरळ गद्याला ते पुरतात. पेजमेकरमध्ये लावलेलं पान मात्र जसंच्या तसं हवं असेल, तर मूळ सॉफ्टवेअर, मूळ कुलूप आणि ते चालवणारं मूळ मशीन लागतं. यादीतला खोली नंबर त्याच्या नावासमोरच राहायला हवा. कवितेत तर ओळ कुठे तुटते यालाच किंमत असते. म्हणून मशीन उठवायचं.

हा डबा नेमकं करतो काय? आपल्या घोडपदेवात बेस्टची वीज येते, २३० व्होल्टची, सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होणारी. संगणकाच्या आतल्या चिप्सना हवी असते एका दिशेची, अगदी सौम्य वीज: १२ व्होल्ट, ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट. जुन्या रेडिओत हे काम लोखंडी पाट्यांचा जड ट्रान्सफॉर्मर करायचा. रेडिओ उचलताना एक बाजू जड लागायची ती त्याच्यामुळे. एसएमपीएसची युक्ती वेगळी. तो आलेली वीज आधी एका दिशेची करतो, म्हणजे आत सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो. मग तिचे सेकंदाला हजारो तुकडे करतो. वीज इतक्या वेगाने चालू-बंद होत असली, की तिचा दाब उतरवायला मुठीत मावेल एवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. शेवटी कंडेन्सर आणि गुंडाळ्या त्या तुकड्यांची सलग धार करून देतात. भाषेत याला कपॅसिटर म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण कारागीर कंडेन्सरच म्हणतो आणि मीही तेच म्हणणार.

यातला कंडेन्सर हाच मरणारा भाग. त्याच्या पोटात ओलसर रसायन असतं. उष्णतेनं ते वर्षानुवर्षं सुकत जातं, टोपी फुगते, कधी तपकिरी द्रव पाझरतो. २००० च्या आसपासच्या काही वर्षांत जगभर सदोष कंडेन्सर विकले गेले आणि असंख्य मदरबोर्ड अकाली गेले. आमच्याकडे त्यात भर म्हणजे रे रोडच्या बंदराकडून येणारा खारा वारा आणि दारूखान्यातल्या लोखंडी भंगाराची धूळ. पंखा ती सगळी आत ओढून घेतो.

आता मुख्य गोष्ट. सगळे एसएमपीएस सारखे दिसतात, पण त्यांच्या पिढ्या आहेत.

१९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, त्याचा डबा होता ६३.५ वॉटचा. १९८४ साली आलेल्या आयबीएम एटीचा १९२ वॉटचा. या एटीवरूनच पुढच्या दहा-बारा वर्षांतल्या मशीनना एटी म्हणू लागले. ४८६ आणि सुरुवातीचे बरेच पेंटियम यातले. ओळखायची खूण सोपी आहे. मदरबोर्डला डब्यातून दोन वेगळे प्लग जातात, प्रत्येकी सहा तारांचे. ते शेजारी शेजारी बसतात आणि उलटसुलटही बसू शकतात. उलटे बसले तर बोर्ड जळतो. कारागिरांचा नियम आहे, काळ्याला काळं: दोन्ही प्लगच्या काळ्या तारा मध्ये एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. आणि या मशीनच्या पुढच्या बटणापर्यंत डब्यातून जी जाड वायर जाते, तिच्यात घरातली २३० व्होल्टची वीजच असते. कॅबिनेट उघडून चाचपडणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर झटका ठरलेला.

१९९५ साली इंटेलनं एटीएक्स पद्धत आणली. दोन प्लगच्या जागी वीस तारांचा एक प्लग आला आणि तो उलटा बसत नाही. ३.३ व्होल्टची नवी तार आली. बटणात आता घरची वीज राहिली नाही. बटण दाबलं की बोर्ड हिरव्या तारेवरून डब्याला सांगतो, ‘चालू हो.’ त्यासाठी एक जांभळी तार, मशीन बंद असतानाही, ५ व्होल्ट देत राहते. पुढे २००० साली पेंटियम फोरबरोबर चार तारांचा एक चौकोनी छोटा प्लग आला, १२ व्होल्टचा. २००३ साली वीसच्या मोठ्या प्लगचा चोवीसचा झाला. आज दुकानात मिळतो तो या चोवीसवाल्यांचा वंशज.

हा चोवीसचा प्लग वीसच्या जुन्या सॉकेटमध्ये बसतो. जादाच्या चार तारा सुट्या होतात किंवा बाहेर लोंबकळत राहतात. बसला म्हणजे चालला, असं समजून लोक मशीन सुरू करतात. इथेच घात होतो, कारण प्लगचा आकार फारसा बदलला नाही तरी वीज कोणत्या तारेवरून घ्यायची हा रिवाज मधल्या काळात पार बदलून गेला आहे.

पेंटियम थ्रीपर्यंतचे प्रोसेसर, आणि त्यांच्या काळातले एएमडीचे अ‍ॅथलॉन, आपली वीज बहुतेक करून ५ व्होल्टच्या लाल तारेवरून घेत. पुढे प्रोसेसरची भूक वाढली. सत्तर वॉट ५ व्होल्टवर द्यायचे तर चौदा अँपिअर वाहतात; तेच १२ व्होल्टवर सहा अँपिअरच्या आत भागतं. तार तापते ती अँपिअरच्या वर्गाच्या हिशेबानं, म्हणजे अँपिअर दुप्पट तर उष्णता चौपट. म्हणून दाब वाढवून प्रवाह कमी करायचा. मुंबईच्या गिरण्यांना १९१५ पासून खोपोलीहून टाटांची वीज आली ती उच्च दाबाच्या तारांवरून, त्यामागे हेच गणित होतं. तर पेंटियम फोरपासून प्रोसेसर १२ व्होल्टच्या पिवळ्या तारेवर गेला, आणि डबे बनवणाऱ्यांनी सगळी ताकद पिवळ्या तारेवर नेली. लाल तार दुबळी होत गेली.

आजच्या डब्याच्या अंगावरचा कागद वाचून पाहा. मोठ्या अक्षरात लिहिलं असेल ४५० वॉट. खाली बारीक तक्त्यात ५ व्होल्टपुढे १५ किंवा २० अँपिअर लिहिलेलं दिसेल, आणि ३.३ व ५ व्होल्ट मिळून शंभर-सव्वाशे वॉटची मर्यादा. उरलेली सगळी ताकद १२ व्होल्टवर. म्हणजे जुन्या मशीनच्या दृष्टीनं हा साडेचारशे वॉटचा गडी शंभर-सव्वाशेचाच. उलट २००१ सालचा तीनशे वॉटचा चांगला डबा लाल तारेवर तीस अँपिअर द्यायचा. वॉटचा आकडा दुकानदारासाठी आहे. आपण तो बारीक तक्ता वाचायचा.

मग आपल्या मशीनला किती अँपिअर हवेत? आमच्या डीटीपीवाल्याच्या पेंटियम थ्रीचा प्रोसेसर तीस वॉटच्या आत खातो. म्हणजे ५ व्होल्टवर सहाएक अँपिअर. कार्डं, डिस्क, सीडी ड्राइव्ह धरून दहा-बारा. वीस अँपिअर छापलेला आणि खरोखर देणारा नवा डबा त्याला चालतो. पण याच काळातला १.४ गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन एकटा ७२ वॉट मागतो. गळती धरली तर सोळा-सतरा अँपिअर त्याच्यावरच गेले. त्याला पंधरावाला डबा लावला, तर मशीन कधी सुरू होईल, कधी मध्येच बंद पडेल, आणि दोष मेमरीच्या माथी मारला जाईल.

आणखी एक खोच आहे. स्वस्त डब्यांत ५ आणि १२ व्होल्ट एकाच गुंडाळीवरून काढलेले असतात आणि दोघांवर नजर ठेवणारं सर्किटही एकच. तराजूसारखं होतं. जुन्या मशीननं लाल पारडं खाली ओढलं, तर पिवळं वर जातं. ५ चे ४.७ होतात आणि १२ चे १२.८. आणि १२ व्होल्टवर फिरते ती हार्ड डिस्कची मोटर. चांगल्या नव्या डब्यात आधी फक्त १२ व्होल्ट तयार करतात आणि त्यातून ५ व ३.३ वेगळ्या सर्किटनं काढतात. त्यात असं ओढाताणीचं भांडण नसतं. नवा घ्यायचा तर या पद्धतीचा आहे का, ते विचारावं. किंमत जास्त पडते, पण माझ्या मते जुन्या मशीनसाठी पैसे खर्च करण्याची हीच एक जागा आहे.

‘चाचा, पाचशे वॉटवाला ले जाओ, हलका है, सस्ता भी है,’ असं लॅमिंग्टन रोडवर मला ऐकवलं गेलं आहे. हलका आहे हीच तर तक्रार! चांगल्या डब्यात तांब्याच्या गुंडाळ्या आणि उष्णता खाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्ट्या असतात. त्यांना वजन असतं. डबा हातात घेऊन पाहावा, तारांची जाडी पाहावी.

पांढऱ्या तारेबद्दलही दोन शब्द. जुन्या डब्यांतून उणे ५ व्होल्ट यायचे, पांढऱ्या तारेवरून. नव्यातून ते काढून टाकले आहेत. बहुतेक मशीनना त्यावाचून काही अडत नाही. आयएसए पद्धतीची काही लांबलचक जुनी कार्डं, विशेषतः काही साउंड कार्डं, मात्र ते मागतात. असं कार्ड असेल तर त्याच काळातला डबा शोधावा.

काही मोठ्या कंपन्यांच्या तयार मशीनमध्ये वेगळाच धोका असतो. डेलच्या १९९० च्या दशकाच्या अखेरच्या काही मॉडेलांत प्लग दिसायला हुबेहूब एटीएक्सचा, पण तारांचा क्रम कंपनीचा स्वतःचा. तिथे बाजारातला डबा लावला तर तो प्लग छान बसतो आणि बोर्ड जातो. जुन्या डब्याच्या तारांचे रंग नव्याच्या रंगांशी एकेक करून ताडून पाहिल्याशिवाय अशा मशीनला हात लावू नये. मापही बघायला हवं: साधा एटीएक्स डबा १५ सेंटिमीटर रुंद आणि ८.६ उंच असतो, आडव्या चपट्या कॅबिनेटमध्ये तो शिरत नाही. नव्या डब्यावर जुन्या डिस्कचा चार तारांचा चपटा प्लग एखादाच असतो आणि फ्लॉपीचा छोटा प्लग बहुधा नसतोच. त्यांचे जोड स्वस्तात मिळतात.

जुन्या बाजारातला त्या काळचा डबा घ्यावा का? मी म्हणेन, घ्यावा, पण कंडेन्सर बदलून. एटी मशीनसाठी तर हाच मार्ग उत्तम. स्वतःचा मूळ डबा एखाद्या जाणत्या कारागिराकडे द्यावा, त्यानं कंडेन्सर आणि पंखा बदलावा. एटीएक्स डबा एटी मशीनला लावणारे जोडही मिळतात, पण त्यात उणे ५ व्होल्ट येत नाहीत. हे काम घरी मात्र करू नये. डब्याच्या आतले मोठे कंडेन्सर वायर काढल्यावरही काही काळ तीनशे व्होल्ट धरून बसतात.

जुन्या डब्याच्या मागे एक लाल सरकतं बटण असतं, ११५ आणि २३० असं लिहिलेलं. अमेरिकेतल्या पुतण्यानं कौतुकानं पाठवलेल्या डब्यावर ते ११५ वर असतं. आपल्या भिंतीत तसाच खुपसला तर आवाज शेजारच्या खोलीत जातो. आधी बटण २३० वर आणावं.

डबा आणला, की तो थेट मशीनला जोडायचा नसतो. बाहेर टेबलावर ठेवावा. एखादी निकामी हार्ड डिस्क किंवा मोटरसायकलचा १२ व्होल्टचा बल्ब त्याला ओझं म्हणून लावावा. एटीएक्स असेल तर मोठ्या प्लगमधली हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेला कागदाच्या पिनेनं जोडली, की पंखा फिरू लागतो. मग मल्टिमीटर लावावा. ५ व्होल्टची तार ४.७५ ते ५.२५ च्या आत हवी, १२ व्होल्टची ११.४ ते १२.६, आणि ३.३ ची ३.१४ ते ३.४७. यात बसला तर मदरबोर्डला जोडावा, हार्ड डिस्क अजून बाहेरच ठेवून. मशीन चालू करून पुन्हा लाल आणि पिवळी तार मोजावी, कारण खरं ओझं आता पडलेलं असतं. तासभर चालू द्यावं. आकडे हलले नाहीत, तरच डिस्क लावावी. आमच्या डीटीपीवाल्यानं हे सगळं केलं. तासानंतर लाल तारेवर ५.०३ व्होल्ट दिसले, आणि तरीही डिस्क लावताना तो म्हणाला, “भाई, बटण तुम्हीच दाबा.”

राहता राहिला यूपीएस. छोट्या दुकानांत असतो तो स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला, की गुळगुळीत लहर देत नाही, पायऱ्यापायऱ्यांची देतो. जुन्या डब्यांना त्याचं काही वाटत नाही. नव्या, महागड्या डब्यांत विजेचा वापर सुधारणारं एक जादा सर्किट असतं, त्यातल्या काहींना ही पायऱ्यांची लहर मानवत नाही आणि लाईट गेल्याक्षणी मशीन धाडकन बंद होतं. म्हणून नवा डबा बसवल्यावर, कुठलीही फाईल उघडी नसताना, भिंतीवरचं बटण एकदा मुद्दाम बंद करून पाहावं. मशीन चालू राहिलं तर ठीक. बंद पडलं, तर यूपीएस बदलावा लागेल, डबा नव्हे.